मन खचले, पण नेमके कसे?

'डिप्रेस्ड' आणि 'फ्रस्ट्रेटेड' या दोन शब्दांवर आपण किती दिवस भागवणार? नाउमेद होण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांसाठी इंग्रजीत निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारी वाट आपल्या मराठीतूनच जाते.

जुन्या रायपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर वसवलेले नवा रायपूर ही आज छत्तीसगडची प्रशासकीय राजधानी आहे. रुंद रस्ते, महानदी भवनातील मंत्रालय आणि जोडीला मोठमोठ्या शिक्षणसंस्था. उपरवारा येथे हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, शिवाय भारतीय व्यवस्थापन संस्था आणि माहिती तंत्रज्ञान संस्थाही आहे. या सर्व ठिकाणी शिक्षणाची भाषा एकच, इंग्रजी.

रायपुरातील मराठी माणूस तसा भाषांना घाबरणारा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबे आहेत आणि १९३५ पासून महाराष्ट्र मंडळही आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी अशा तीन भाषा मुले सहज बोलतात. अडते ते चौथीपाशी. हिंदी किंवा मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलगी इंग्रजी व्याख्यानांच्या पहिल्या दोन महिन्यांतच गप्प होते. फोनवर आईने विचारले, की म्हणते, "आई, मी डिप्रेस्ड आहे." "अगं, पण झालं तरी काय?" याचे उत्तर मात्र तिला देता येत नाही. आई इकडे काळजीत आणि मुलगी तिकडे.

दोन शब्दांनी केलेला घोटाळा

'डिप्रेशन' हे एका आजाराचेही नाव आहे. पेपर अवघड गेला म्हणून वाटणाऱ्या उदासीला हा शब्द लावला, तर साधी गोष्ट भयंकर वाटू लागते. उलट, खरोखरच आजारी असलेल्या मुलाचे बोलणेही "सगळेच असे म्हणतात" म्हणून कानाआड होते. 'फ्रस्ट्रेटेड' म्हणजे निराश असेही नव्हे. काहीतरी करायचे आहे, पण वाट अडली आहे, त्यातून आलेला वैताग म्हणजे फ्रस्ट्रेशन. त्या माणसात जोर शिल्लक असतो, म्हणून तर तो वैतागतो. 'डिसअपॉइंटेड' म्हणजे अपेक्षाभंग झालेला. त्याची अपेक्षा कोणाकडून तरी किंवा कशाकडून तरी होती.

नेमका शब्द सापडला, की मनही थोडे शांत होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. छायाचित्रातील रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यावरील भावनेला शब्दांत नाव दिले, की भीतीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील खळबळ कमी होते, असे त्यात दिसून आले. आपल्याकडे "बोलून टाक, मन हलकं होईल" असे म्हणतात, ते उगीच नव्हे.

आरंभीच छाती दडपते तेव्हा

काम सुरू होण्यापूर्वीच त्याचा आवाका पाहून छाती दडपली, तर इंग्रजीत 'डॉन्टेड' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जनावराला माणसाळवणे, वश करणे असा आहे. चारशे पानांचे कायद्याचे पुस्तक पाहून मुलगी 'डॉन्टेड' होते. अजून ती हरलेली नाही, नुसती दबली आहे. स्पेलिंगमध्ये 'ए-यू' असले तरी उच्चार 'डाउन्टेड' करू नये. याचाच उलट शब्द 'अनडॉन्टेड', म्हणजे न डगमगणारा.

वाटेत उमेद कमी होऊ लागली, की 'डिसकरेज्ड' आणि 'डिसहार्टन्ड' हे शब्द कामी येतात. दोन्हींच्या पोटात 'हृदय' दडलेले आहे. 'करेज' हा शब्दच लॅटिनमधील हृदयवाचक शब्दापासून आला. आपणही धैर्याचे घर 'छाती' आणि 'काळीज' यांतच मानतो. म्हणून 'डिसहार्टन्ड' म्हणजे धीर खचलेला. मरगळ आली असेल, कशातच उत्साह वाटत नसेल, तर 'डिस्पिरिटेड' म्हणावे.

निकाल लागल्यावर

यादीत नाव नाही असे कळताच तोंड उतरते, मूल हिरमुसते. यासाठी इंग्रजीत फार चित्रमय शब्द आहे, 'क्रेस्टफॉलन'. 'क्रेस्ट' म्हणजे तुरा. ज्याचा तुरा खाली पडला आहे, तो क्रेस्टफॉलन. ऐटीत निघालेला आणि मान खाली घालून परतलेला, असे चित्र त्यात आहे. हा शब्द बहुधा दुसऱ्याच्या चेहऱ्याचे वर्णन करताना वापरतात. 'ही लुक्ड क्रेस्टफॉलन' हे शोभते, स्वतःबद्दल सहसा कोणी तसे म्हणत नाही.

हीच खिन्नता काही दिवस रेंगाळली, तर 'डिजेक्टेड'. शब्दशः अर्थ 'खाली टाकलेला'. आपला 'विषण्ण' याच्या अगदी जवळचा.

आता शिक्षकांच्या सततच्या टोमण्यांनी पूर्ण वर्गाचे मनोबल मोडले असेल, तर 'डिमॉरलाइज्ड'. मराठी वर्तमानपत्रे यालाच 'खच्चीकरण' म्हणतात. आणि ज्या संस्थेची स्वप्ने पाहिली, तेथे पोहोचल्यावर काही वेगळेच आढळले, तर 'डिसइल्युजन्ड'. त्याला आपला 'भ्रमनिरास' अगदी तंतोतंत बसतो. या शब्दाला 'विथ' जोडतात, 'डॉन्टेड'ला 'बाय'. शब्दासोबत त्याचा जोडीदारही लक्षात ठेवावा.

सर्वांत जड शब्द 'डिस्पॉन्डंट'. उच्चारताना जोर मधल्या 'पॉन्' वर द्यावा. प्रयत्न करून काही उपयोग नाही अशी मनाची खात्री झालेला, आशा सोडलेला, आपल्या भाषेत 'हताश'. रोजच्या बोलण्यात हा पुस्तकी वाटतो, लेखनात शोभतो. परंतु घरातील मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ या अवस्थेत असेल, झोप-जेवण बिघडले असेल, तर शब्दकोश बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६.

याच गावचा विद्यार्थी

ज्यांचे नाव नव्या रायपुरातील विधी विद्यापीठाला दिले आहे, ते न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला रायपूरच्याच सरकारी शाळेत शिकले. तेथून ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. १९६८ ते १९७० या काळात ते देशाचे सरन्यायाधीश होते, नंतर उपराष्ट्रपतीही झाले. त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले 'माय ओन बॉसवेल', म्हणजे माझा चरित्रकार मीच! बॉसवेल हा डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचा चरित्रकार. या जॉन्सननी १७५५ मध्ये इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश प्रसिद्ध केला, आणि ते स्वतः जन्मभर उदासीनतेच्या झटक्यांशी झगडत होते. हजारो शब्दांचे अर्थ लिहिणाऱ्या माणसालाही मन खचण्याचा अनुभव चुकला नाही. मग पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने त्याची लाज का बाळगावी?

शब्द मुरावेत कसे?

विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत २०२० पासून इंग्रजीचे उतारे देऊन त्यांतील शब्दांचा संदर्भाने अर्थ विचारतात. त्यामुळे पन्नास शब्दांची यादी घोकून फारसे साधत नाही. त्यापेक्षा पुढील रीत करून पाहावी.

आधी मराठी शब्द शोधावा. मन खट्टू झाले आहे, अवसान गळाले आहे, भ्रमनिरास झाला आहे की हातपायच गाळले आहेत? हे ठरले, की त्याचा इंग्रजी जोडीदार शोधावा. एका दिवशी एकच शब्द घ्यावा. त्याचे वाक्य पुस्तकातून उतरवू नये, त्या दिवशी स्वतःला आलेल्या अनुभवावर रचावे. चार दिवसांनी वही न उघडता ते आठवून पाहावे. आठवले नाही तर पुन्हा लिहावे. अशा रीतीने महिन्याला वीस शब्द झाले, तरी ते कायमचे आपले होतात.

आईवडिलांनाही यात वाटा उचलता येईल. त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही. "रडतेस काय!" असे म्हणण्याऐवजी "छाती दडपली आहे, की कोणी मन मोडलं?" एवढेच विचारावे. छाती दडपली असेल, तर अभ्यासाचे लहान तुकडे पाडून देता येतात. कोणी मन मोडले असेल, तर पाठीशी उभे राहता येते. भ्रमनिरास झाला असेल, तर शांतपणे दुसरी वाट शोधता येते. दुखणे कोणते ते कळले, की औषध शोधणे सोपे जाते.