पंख्यात हरवलेल्या ओव्या: लॅपटॉपवर आवाज नीट कसा रेकॉर्ड करायचा?

ऐकायला वेळ नाही म्हणून वाचणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे "अं... म्हणजे..." कमी केलेत.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. म्हटलं, रेकॉर्ड करून ठेवू. लॅपटॉप स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, बटण दाबलं, आजी पलीकडे पाटावर बसून पाऊण तास गायली. शहरात येऊन हेडफोन लावले तर काय? छताचा पंखा, लॅपटॉपचा स्वतःचा पंखा, कुकरच्या शिट्ट्या, आणि या सगळ्याच्या मागे विहिरीतून यावा तसा आजीचा आवाज.

चूक लॅपटॉपची नव्हती, माझी होती. का ते सांगतो.

अंतर

लॅपटॉपचा माइक त्याच्याच पंख्याला आणि कीबोर्डला चिकटून असतो. आजी होती सहा फुटांवर. माइकला दोन्ही सारखेच, जे जवळ ते मोठं. तोंड आणि माइक यातलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीतला गोंगाट आहे तेवढाच राहतो. म्हणजे एक रुपया खर्च न करता आवाज सुधारला.

माइक तोंडापासून वीतभर ठेवा, पण अगदी समोर नको, जरासा बाजूला. नाहीतर "प", "फ", "भ" म्हणताना हवेचा झोत थेट माइकवर आपटतो आणि धप्प असा आवाज येतो.

कोणता माइक?

महागडा माइक नसेल तर वायरवाला साधा इअरफोन घ्या. बऱ्याच लॅपटॉपला तो थेट चालतो. त्याचा छोटा माइक पुस्तकांच्या चळतीला चिकटपट्टीने लावा, कपड्याला घासू देऊ नका. लॅपटॉप वायर पुरेल तितका लांब सरकवा आणि नको ती सगळी ॲप्स बंद करा, म्हणजे त्याचा पंखा शांत राहील. आणि सेटिंगमध्ये इनपुट बदललंय ना, ते बघा! अनेकदा इअरफोन लावलेला असतो, पण रेकॉर्डिंग लॅपटॉपच्याच माइकवर चाललेलं असतं. माइकवर नखाने हलकं टकटक करा, लगेच कळतं.

ब्लूटूथ इअरफोन मात्र यासाठी नकोत. त्यांचा माइक चालू झाला की ते बहुतेक वेळा फोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

खोली

खोलीत एक टाळी वाजवा. मागे "टण्ण" असं काही ऐकू आलं तर ती खोली गाण्यासाठी बरी नाही. फरशी, काच, रिकाम्या भिंती आवाज परत फेकतात. गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट तो शोषून घेतात. उघड्या कपाटाकडे पाठ करून बसा आणि माइकच्या मागे गोधडी टांगा. घुमणारा आवाज नंतर काढणं फार अवघड जातं, त्यामुळे हे आधीच करायचं.

फ्रिजची घरघर आपल्या कानाला सवयीची असते, माइकला नसते. तो थोडा वेळ बंद करा, पण परत चालू करायला विसरू नका. चार्जर लावल्यावर बारीक "हम्म्" येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

लेव्हल

ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मोनो ट्रॅक, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठ्या आवाजात गाऊन बघा, मीटर उणे १२ ते उणे ६ च्या आसपास राहायला हवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा पहिल्यासारखा शिवता येत नाही. फाइल आधी वेव्हमध्ये ठेवा, एमपी३ शेवटी करा.

सुरुवातीला दहा सेकंद कुणी काही बोलू नका. तेवढी शांतता नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून दाखवायची, मग ते पंख्यासारखा एकसारखा गोंगाट कमी करतं. पण शिट्टी, हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं तसं जात नाही. आणि हे औषध जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

शेवटी एकदा साध्या फोनवर ऐका. आपले ऐकणारे तिथेच असतात ना!

पुन्हा एकदा

हे सगळं शिकून दिवाळीत परत गावी गेलो. आजी म्हणाली, "आरं, पंखा बंद केलास तर शिजून जाईन की मी!" मग पहाटे बसलो. पाच मिनिटं गाणं, पाच मिनिटं पंखा. दारावर गोधडी, माइक वीतभर अंतरावर.

आवाज इतका स्वच्छ आला की दोन ओळींमधला तिचा श्वासही ऐकू येतो. पण मधल्या काळात ती आजारी पडली होती. दम पुरत नव्हता, बऱ्याच ओव्या आठवतच नव्हत्या. मिळाल्या त्या अकरा. बाकीच्या मे महिन्याच्या त्या फाइलमध्ये आहेत, पंख्याच्या मागे. नॉइज रिडक्शन लावून पाहिलं. चाल कळते, शब्द कळत नाहीत.

म्हणून सांगतो, तुमच्या घरात कुणी गाणारं, गोष्टी सांगणारं असेल तर नवीन माइक येईपर्यंत थांबू नका. पंखा बंद करा, जवळ बसा आणि दहा सेकंदांचं ट्रायल आधी ऐकून मगच पुढचं रेकॉर्ड करा. मी तेवढंच केलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात!