सुरक्षा इमारतीतली गंगाजळी

३० ऑक्टोबर २०२३ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात धाराशिवच्या शेजारचं बीड पेटलं. पाठोपाठ धाराशिव जिल्ह्यातही संचारबंदी लागली. दिवाळी तोंडावर आलेली आणि दुकानं मालाने भरलेली. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या दुकानदाराला अशा वेळी एकच प्रश्न पडतो: जमावाने जाळलं तर विमा मिळतो का?

मिळतो. दंगल, संप आणि हेतुपुरस्सर केलेलं नुकसान हे आगीच्या पॉलिसीतच धरलेलं असतं. दहशतवादी बॉम्बस्फोटाचा हिशेब मात्र वेगळा. त्याची गंगाजळी सांभाळली जाते मुंबईत, चर्चगेटच्या ‘सुरक्षा’ इमारतीत, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीच्या मुख्यालयात.

पूर्वी दहशतवाद दंगलीच्याच कलमात बसत असे. ११ सप्टेंबर २००१च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी या जोखमीतून अंग काढून घेतलं. तेव्हा एप्रिल २००२मध्ये इथल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी एकत्र येऊन दहशतवाद जोखमीसाठी सामाईक पूल, म्हणजेच ही गंगाजळी, उभारला. दहशतवादापोटीचा हप्ता सगळ्यांनी एकाच हौदात ओतायचा, नुकसान झालं की वाटून घ्यायचं. ब्रिटनने असाच पूल १९९३मध्ये केला होता, पण त्याच्या पाठीशी तिथली सरकारी तिजोरी आहे. आपल्या पुलाला तशी हमी नाही. तो कंपन्यांच्या एकीवर उभा आहे. मला या पुलाचं मोठेपण यातच दिसतं.

सुरुवातीला एका ठिकाणासाठी मर्यादा २०० कोटी रुपये होती, ती टप्प्याटप्प्याने २,००० कोटींवर गेली. खरी परीक्षा झाली २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात. ताज आणि ओबेरॉयच्या भरपाईचा भार याच हौदावर आला. ताजची जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१०ला पुन्हा उघडली.

वाशीपर्यंत हे छत्र सहज पोचलं ते १ एप्रिल २०२१पासून. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या पॉलिसीत दंगलीबरोबर दहशतवादही मुळातच धरला आहे. घटनेनंतर सात दिवसांत त्यामुळे झालेली चोरीसुद्धा त्यात येते.

बंदमध्ये शटर खाली राहिल्याने बुडालेला गल्ला मात्र भरून मिळत नाही. दारातल्या जीपचा विमा फक्त ‘थर्ड पार्टी’ असेल, तर ती जळाल्याचे पैसेही मिळत नाहीत. आणि दिवाळीसाठी माल दुप्पट भरला, पण विम्याची रक्कम जुनीच ठेवली, तर पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट कंपनी सोडून देते. त्यापुढे भरपाईला त्याच प्रमाणात कात्री लागते. नुकसान मोजायला सर्व्हेअर येतो तेव्हा ती रक्कम वाढवण्याची वेळ गेलेली असते.