जुनी फोर बाय फोर घ्यावी का? आधी चिखलाचे दिवस मोजा

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, आणि मग एकाच विषयावर दोन तास गेले. विषय होता गाडीचा. राजूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, एक जुनी फोर बाय फोर विकायला आलीय, स्वस्तात मिळतेय.

आमची वाडी अकोले तालुक्यात डोंगराच्या वरच्या अंगाला आहे. डांबरी रस्ता खाली संपतो. वर यायला दीड किलोमीटर मातीचा चढ आणि मध्ये ओढ्यावरची फरशी. मागच्या पावसाळ्यात एका सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ची गाडी खाली रस्त्यावर येऊन थांबली होती, पण तिथवर तिला डोलीतून न्यावं लागलं. चिखलात दोनदा माणसं घसरली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण ती रात्र आम्ही कुणी विसरलेलो नाही. म्हणून गाडीचं नाव निघाल्याबरोबर अर्ध्या जणी म्हणाल्या, घेऊनच टाकू.

पण घ्यायच्या आधी फोर बाय फोर म्हणजे काय, ते समजून घेऊ. साध्या जीपमध्ये इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना जातो. त्यातलं एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की सगळा जोर तिथेच वाया जातो आणि गाडी जागची हलत नाही. फोर बाय फोरमध्ये ड्रायव्हरने दुसरा दांडा टाकला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. त्यात ‘फोर-लो’ असतं. त्याने गाडी अगदी हळू पण ताकदीने चढते, आणि उतारालाही इंजिन तिला धरून ठेवतं. हे खरंच कामाचं आहे.

आता यातली दुसरी बाजू. चार चाकांना जोर असला म्हणून ब्रेक जास्त लागत नाही; ओल्या वळणावर ती गाडीही इतरांसारखीच घसरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर दांडा टाकून चालवायची नसते, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, मग आतल्या गिअरवर ताण येतो. हे माहीत नसलेल्या ड्रायव्हरच्या हातात गाडी दिली तर वर्षात खर्च काढते. आणि ती वजनाला जड, पुढेही जास्तीचे भाग, म्हणून डिझेल जास्त खाते.

आमच्यातली एक जण दूध संकलनाची वही ठेवते. तिने त्या वहीवरून काढलं की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ३१ दिवस जीप वर आली नाही. आम्ही त्याची फोड केली. ११ दिवस फरशीवरून पाणी चाललं होतं, ४ दिवस दरड आडवी होती. उरले १६ दिवस निव्वळ चिखलाचे. फोर बाय फोरचा उपयोग या १६ दिवसांचा! वाहत्या पाण्यात ती घालायची नाही, हे तर ठरलेलंच. पाण्याला चाकं किती आहेत ते कळत नाही. म्हणजे वर्षातले ३४९ दिवस आपण जास्तीचं डिझेल आणि जास्तीची दुरुस्ती पोसणार. हा आकडा ऐकून बैठक जरा शांत झाली. तुमच्या गावात हाच आकडा ६० निघेल, मग हिशोब वेगळा. पण आधी मोजा.

तरी आम्ही ती गाडी पाहायला गेलो. पाच जणी, आणि सोबत ओळखीचा मिस्त्री. त्याची दिवसाची मजुरी दिली, ती कारणी लागली. गाडी बाहेरून चकचकीत, नवा रंग. मिस्त्री खाली शिरला आणि हसतच बाहेर आला. पुढच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्टच काढून टाकलेला! दांडा होता, बाहेर ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं होतं, आणि चालत होती दोन चाकांवर. विकणारा म्हणाला, ‘ताई, लागत नाही म्हणून काढला.’ आम्ही चहाही न घेता परत आलो.

म्हणून सांगतो, दांडा पाहून भुलू नका. मऊ मातीत किंवा ओल्या शेतात गाडी न्यायला लावा, फोर-लो टाकायला लावा, आणि पुढची चाकं जोर धरतात का ते बाजूला उभं राहून पाहा. जुन्या जिप्सीत किंवा जीपमध्ये पुढच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचं लॉक असू शकतं. ते फिरवल्याशिवाय दांड्याचा उपयोग नाही. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. गाडी सकाळी थंड असताना चालू करून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवलंय समजा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळतंय. चासीला खालून गंज किती, सीटखालच्या मॅटमागे गाळ किंवा कुबट वास आहे का, तेही बघा. आणि जिचे पार्ट तालुक्याला मिळतात तीच गाडी बरी. जिप्सी चढाला हलकी आणि गुणी, पण पेट्रोलवर चालते आणि तिचं उत्पादन थांबलंय. बोलेरो कॅम्परला पुढे माणसं बसतात, मागे हौदा आहे, आणि आमच्या भागातल्या मिस्त्र्यांचा हात तिच्यावर बसलेला आहे.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या. थकलेली ई-चलनं घरातल्या मुलाला मोबाइलवर बघायला सांगा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण इथला कर भरावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पर्यावरण कर लागतो. पिवळ्या पाटीच्या गाडीला तो कर ८ वर्षांनंतरच. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं न्यायची नाहीत. दंड तर होतोच, वर अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईवरून भांडते.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच निघाला. गाडी कुणाच्या नावावर? आमचा गट नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळे आरसीवर एकीचंच नाव येणार. अपघात झाला तर नोटीस तिच्या घरी. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर गाडीवर वारसांचा हक्क, आणि आम्ही दहा जणी दारात उभ्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, माझं नाव घाला. त्यांच्या घरचे काय म्हणतील हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही. शेवटी ठरलं की तालुक्याला नोंदणीकृत संघ आहे, त्याच्या नावावर घेता येईल का ते विचारायचं. तोवर पैसे बँकेतच.

चढावरच्या सगळ्यात वाईट २०० मीटरला खडीकरण करून द्या, असा अर्ज ग्रामसभेत दिलाय. तेवढं झालं तर साधी पिकअपही चढेल, असं मिस्त्री म्हणतो. आणि यंदा दोघींचे दिवस श्रावणात भरतायत. आशाताईंनी दोघींच्या घरी बोलून ठेवलंय: आषाढाच्या अखेरीस त्यांना खाली रस्त्यालगत नातेवाइकांकडे न्यायचं. एकीची सासू तयार आहे. दुसरीची अजून नाही म्हणते, तिच्याकडे आम्ही या रविवारी जाणार आहोत.