लागोसची सैर आणि कापडाचा जुना हिशेब

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नायजेरिया देशात लागोस नावाचे अफाट शहर आहे. १९९१ साली देशाची राजधानी तेथून अबुजाला गेली, पण तिजारत मात्र लागोसमध्येच राहिली. आपल्याकडील व्यापारी तेथे जातात, विमानतळ, हॉटेल आणि गिऱ्हाइकाचे गोदाम एवढेच पाहतात आणि परततात. आमचे म्हणणे असे की, कापडाच्या धंद्यातील माणसाने तेथे दोन-तीन दिवस जास्त काढावेत आणि शहर नीट पाहावे. ही चैन नव्हे. ज्या मुलखाला आपण माल विकू इच्छितो, तेथील लोक कापड कधी घेतात, किती घेतात आणि कशासाठी घेतात, हे पाहिल्याशिवाय त्यांची गरज कळत नाही. शिवाय त्या किनाऱ्याचा आणि हिंदुस्थानी कापडाचा एक जुना हिशेब आहे. तो तेथे गेल्यावरच उमगतो.

बाजार हीच पहिली प्रेक्षणीय जागा

लागोस हे बेटांचे आणि खाडीचे शहर आहे. योरुबा लोक त्याला एको म्हणतात. लागोस हे नाव पोर्तुगीजांनी दिले. मुख्य भूमीवरून लागोस बेटाकडे जाताना थर्ड मेनलँड ब्रिज हा सुमारे १२ किलोमीटर लांबीचा पूल लागतो. तो १९९० मध्ये पूर्ण झाला. पुलावरून मकोको ही कोळ्यांची वस्ती दिसते. खाडीच्या पाण्यात लाकडी खांब रोवून त्यावर घरे बांधलेली आणि ये-जा होड्यांतून.

बेटावर पोहोचल्यावर व्यापाऱ्याने सर्वप्रथम बलोगुन बाजार पाहावा. हा बाजार एका इमारतीत नाही. गल्लीमागून गल्ली पसरलेला आहे. आपले मंगलदास मार्केट छप्पर सोडून रस्त्यारस्त्यांवर सांडले, तर जसे दिसेल तसे काहीसे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे मोठी आग लागून इमारती जळाल्या, तरी बाजाराने पुन्हा उभारी धरली. कापडाच्या दुकानांवर बहुतेक ठिकाणी बाया बसतात. घाऊक व्यवहारही त्याच करतात आणि सौदा करण्यात त्या कोणाला हार जाणाऱ्या नाहीत.

तेथे ‘अंकारा’ म्हणून विकले जाणारे छापील सुती कापड सहा वारांच्या तुकड्यात आणि लेस पाच वारांच्या तुकड्यात मिळते. अंकाऱ्याचे मूळ जावा बेटावरील मेणाच्या बाटिक कामात आहे. डच कारखानदारांनी यंत्रावर त्याची नक्कल केली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती खपली. अस्सल मालात रंग दोन्ही बाजूंना सारखाच उठतो. म्हणून तेथील गिऱ्हाईक कापड आधी उलटून पाहते, मग भाव विचारते.

धंद्याचे खरे मर्म ‘असो एबी’ या रिवाजात आहे. असो म्हणजे कापड आणि एबी म्हणजे कुटुंब. लग्न, बारसे किंवा मयतीचा कार्यक्रम असला की घरचे लोक एक कापड ठरवतात आणि नातेवाईक, स्नेही सगळे तेच कापड घेऊन आपापल्या मापाने शिवतात. एका दुकानदार बाईंना आम्ही नमुना दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न भावाचा केला नाही. “ह्याच रंगाचे आणखी दोनशे तुकडे मिळतील का, आणि महिन्याभराने पुन्हा मागितले तर हीच छटा येईल का?” असे त्यांनी विचारले. बंधूंनो, ज्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये एका लॉटची छटा दुसऱ्या लॉटशी जुळत नाही, त्याने त्या बाजाराचा विचार करण्याआधी आपली भट्टी सुधारावी.

एका व्यापाऱ्याची मशीद

बाजाराच्या परिसरातच शिट्टा-बे मशीद आहे. मोहम्मद शिट्टा हे मोठे व्यापारी होते. त्यांचे आईवडील गुलामीतून सुटका झालेले आणि सिएरा लिओनमध्ये वसलेले होते. मुलाने तिजारतीत नाव कमावले आणि त्या कमाईतून ही मशीद बांधली. १८९४ मध्ये तिचे उद्घाटन झाले, तेव्हा तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल हमीद यांनी त्यांना ‘बे’ हा किताब पाठवला. बांधकाम ब्राझीलहून परतलेल्या आफ्रिकी वंशाच्या कारागिराने केले, म्हणून इमारतीवर ब्राझीलची ढब दिसते. गुलाम म्हणून समुद्रापार नेलेल्यांची मुले-नातवंडे गवंडीकाम आणि सुतारकाम शिकून परत आली, त्या हुन्नराची ही निशाणी आहे. शहरातील मोठी सेंट्रल मशीद येथून जवळच आहे. जुम्मा गाठल्यास एकाच रंगाच्या लांब झग्यांची आणि भरतकामाच्या टोप्यांची रांग पाहायला मिळते. कापडवाल्यासाठी तोही एक धडाच.

नीळ, खळ आणि कोंबडीचे पीस

लेक्की भागात निके आर्ट गॅलरी आहे. पाच मजली इमारत, सुमारे आठ हजार कलाकृती आणि प्रवेश विनामूल्य. निके डेव्हिस-ओकुंडाये या कलावंत बाईंनी ती उभारली. आदिरे हे योरुबा बायांचे निळीचे कापडकाम. ते टिकावे म्हणून १९८० च्या दशकापासून त्या तरुणांना फुकट शिकवत आल्या आहेत.

आदिरे म्हणजे बांधून रंगवणे. आपल्या बांधणीची बहीणच म्हणा. एका प्रकारात कापड दोऱ्याने बांधतात. दुसऱ्या प्रकारात कसावाच्या, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच्या, पिठाची खळ कोंबडीच्या पिसाने किंवा पत्र्याच्या साच्याने कापडावर लावतात आणि मग नीळ देतात. जेथे खळ, तेथे रंग चढत नाही. नक्षीला नावे असतात. इंग्लंडच्या राजाच्या १९३५ च्या रौप्यमहोत्सवावरून निघालेली नक्षीसुद्धा त्यांत आहे.

कारागीर बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आदिरेचा हा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरभराटीला आला तो विलायती गिरणीच्या पांढऱ्या कापडावर. स्वस्त शर्टिंग बंदरात उतरले तेव्हा या बाया रडत बसल्या नाहीत. त्यांनी ते कापडच कच्चा माल केला आणि त्यावर आपल्या हाताची किंमत चढवली. आता उलटे होत आहे. आदिरेची नक्षीच यंत्रावर छापून चीनमधून येते आणि कमी भावात विकली जाते. ज्या कारागिराकडे भावाशिवाय दुसरे काही नाही, तो यात मरतो. ज्याच्या कामाला नाव आहे आणि ज्याचे गिऱ्हाईक हातकाम ओळखते, तो तग धरतो. भिवंडी-मालेगावच्या लोकांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आपल्या देशाच्या कापडाची एक कथा तर फारच बोलकी आहे. दक्षिणेकडे विणला जाणारा चौकडीचा मद्रासी रुमाल नायजर नदीच्या मुखाकडील कलाबारी लोकांना शतकानुशतके प्रिय आहे. त्यांच्या बाया त्या तयार कापडातील काही धागे पात्याने कापून अलगद काढतात आणि चौकडीतून नवीनच नक्षी उभी करतात. विणणारा आपला, पण शेवटचा हात त्यांचा.

बडाग्री : हिशेबाचे काळे पान

रविवारी बलोगुन बाजार बराचसा बंद असतो. त्या दिवशी शहराच्या पश्चिमेला, बेनिन देशाच्या सरहद्दीकडे असलेल्या बडाग्री गावी जावे. येथून गुलामांची जहाजे भरली जात. गुलामांना डांबण्याच्या खोल्या, साखळ्या आणि बेड्या आजही दाखवतात. खाडी ओलांडून गबेरेफू बेटावर वाळूतून समुद्राकडे जाणारी वाट आहे. तिच्या शेवटाला ‘परत न येण्याचे ठिकाण’ म्हणतात. एका छत्रीच्या बदल्यात किती माणसे दिली जात, याचा हिशेब वाटाडे सांगतात, तेव्हा ऐकणारा गप्प होतो.

पण मोबदला फक्त छत्र्यांचा आणि दारूचा नव्हता. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपच्या कंपन्या गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून सुती कापडाचे गठ्ठे उचलत आणि आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात देत. त्या कापडाला ‘गिनी कापड’ असे नावच पडले होते. विणकराला आपले ठाण कोठे जाते, याची खबरही नसेल. परंतु व्यापाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

बडाग्रीतील डांबखाना सेरिकी अब्बास या माणसाचा होता. तो स्वतः लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, ब्राझीलला पोहोचला, मोकळा होऊन परतला आणि पुढे गुलामांचाच व्यापारी झाला. तो मुसलमान होता, हे लपवण्यात हशील नाही. एकीकडे शिट्टा-बे, गुलामीतून सुटलेल्यांचा मुलगा. दुसरीकडे अब्बास, स्वतः गुलामी भोगलेला. दोघेही व्यापारी, किनारा एकच आणि शतकही तेच. कमाई कशातून करायची, हे प्रत्येकाने आपापले ठरवले. लागोसच्या सफरीत आम्हांला पाहण्यासारखे याहून मोठे काही वाटले नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

वेळ उरल्यास ओनिकान भागातील राष्ट्रीय संग्रहालय पाहावे. १९७६ मध्ये ज्या मोटारीत राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांची हत्या झाली, ती गोळ्यांनी छिद्रे पडलेली मोटार तेथे ठेवलेली आहे. जुन्या तुरुंगाच्या जागी केलेला फ्रीडम पार्क जवळच आहे. लेक्कीच्या राखीव जंगलात झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारा सुमारे ४०० मीटरचा झुलता मार्ग आहे. हिंमत असेल त्याने चढावा.

पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस आधी घ्यावी आणि दाखला पासपोर्टसोबत ठेवावा. परततानाही आपल्या विमानतळावर तो तपासतात आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. जून-जुलैत जोराचा पाऊस असतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीचे कोरडे दिवस बरे. वाहतुकीची कोंडी भयंकर असते, तेव्हा बेटावरची ठिकाणे एका दिवशी, लेक्की दुसऱ्या दिवशी आणि बडाग्री तिसऱ्या दिवशी अशी वाटणी करावी. रात्री अनोळखी भागात फिरू नये आणि रोख रक्कम जवळ थोडीच बाळगावी. नमुने न्यावेत, पण पाच आणि सहा वारांच्या तुकड्यात कापून न्यावेत. ताग्यावरून भाव सांगणाऱ्याकडे तेथे कोणी फारसे लक्ष देत नाही.