बोट गेली, कागद राहिले

यंत्राचा शोध लावणारा मनुष्य जातो. त्याचें यंत्रहि गंजतें किंवा मोडींत निघतें. त्यानें काय केलें हें सांगण्यास शेवटीं उरतात ते त्याचे कागद आणि आकृति. ते गेले, म्हणजे त्याच्या कर्तृत्वाचा साक्षीदारच गेला. अमेरिकेंतील जॉन फिच याच्या हकीकतीवरून हें चांगलें ध्यानांत येतें.

फिच १७४३ सालीं कनेक्टिकट प्रांतांत जन्मला. घड्याळें व चांदीकाम हा त्याचा धंदा. पुढें ओहायो नदीच्या खोऱ्यांत, वसाहतींच्या अगदीं सरहद्दीवर, तो जमीनमोजणीस गेला. १७८२ सालीं तेथील मूळ रहिवाशांनीं त्याला पकडून इंग्रजांच्या हवालीं केलें. सुटून आल्यावर १७८५ मध्यें त्यानें त्या वायव्य मुलखाचा नकाशा स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापला. त्याच वर्षीं आगबोटीची कल्पना त्याच्या मनांत आली.

ता. २२ ऑगस्ट १७८७ रोजीं फिलाडेल्फियास डेलावेर नदींत त्याची बोट वाफेवर चालली. राज्यघटना तयार करण्यासाठीं जमलेल्या सभासदांपैकीं कांहींनीं ती पाहिली. १७९० च्या उन्हाळ्यांत त्याच्या नव्या बोटीनें उतारूंची नियमित ने-आणहि केली. परंतु उतारू थोडे आणि खर्च मोठा. त्यांत १७९१ सालीं त्याला व त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स रम्सी याला एकाच दिवशीं पेटंटें मिळालीं. १७९८ सालीं केंटकींतील बार्ड्सटाउन येथें तो निराश स्थितींत मरण पावला. नऊ वर्षांनीं रॉबर्ट फुल्टनची बोट हडसन नदींत चालली, आणि लोकांच्या तोंडीं फुल्टनचेंच नांव बसलें.

मग फिचची बाजू आज आपणांस कशी कळते? त्यानें आपलें आत्मवृत्त व आगबोटीची हकीकत लिहून, मोहोरबंद करून, फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीच्या स्वाधीन केली होती. बेंजामिन फ्रँकलिन व त्याचे मित्र यांनीं १७३१ सालीं काढलेलें हें ग्रंथालय. आपल्या मृत्यूनंतर तीस वर्षें तें पुडकें उघडूं नये, अशी त्याची अट होती. याच कागदांच्या आधारें थॉम्पसन वेस्टकॉट यानें १८५७ सालीं त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि १९७६ सालीं तें आत्मवृत्तच छापून निघालें.

आतां सरकारी दप्तराची गति पाहा. ता. १५ डिसेंबर १८३६ रोजीं पहाटे वॉशिंग्टन येथील पेटंट कचेरीस आग लागली. बंबाची चामड्याची नळी कुजलेली होती. सुमारें १०,००० पेटंटांचे कागद व आकृति आणि ७,००० नमुने जळून गेले. आगीपासून सुरक्षित अशा नव्या इमारतीचें काम त्याच वर्षीं सुरू झालें होतें! १८३७ सालीं काँग्रेसनें १,००,००० डॉलर मंजूर करून मालकांजवळच्या नकला मागविल्या. तरी ३,००० पेटंटेंहि पुन्हां उभीं राहिलीं नाहींत. ज्याच्या घरच्या पेटींत नक्कल होती, त्याचाच शोध बहुधा वांचला.

आगीशिवाय कागदास शत्रु अनेक आहेत. फिचच्या काळचा कागद चिंध्यांचा, म्हणून टिकाऊ; परंतु मायफळ व हिराकस यांची शाई आपल्या आम्लानें त्यालाच खाते. पुढें लाकडाच्या लगद्याचा कागद आला; तो आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो. निळे नकाशे उजेडांत फिके पडतात. यास्तव असे कागद कोरड्या, हवेशीर व अंधाऱ्या जागीं ठेवावे. आकृति घडी न घालतां सपाट खणांत ठेवावी, कारण प्रथम फाटते ती घडीवरच. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. तिचा डाग कायमचा राहतो. नोंद करणें झाल्यास शाईनें नव्हे, मऊ शिसपेनीनें करावी. ज्या क्रमानें कागद सांपडले तो क्रम मोडूं नये. आकृतीशेजारचें साधें बिलहि तिचा काळ सांगतें. फसलेल्या प्रयोगाचे कागद तर मुळींच टाकूं नयेत. कारण यशाची वाट त्यांतच दिसते. आणि एक नक्कल दुसऱ्या छपराखालीं अवश्य असावी.

फिचची बोट आज कोठें नाहीं. परंतु आपला कागद योग्य हातीं सोंपविण्याची दूरदृष्टि त्यानें दाखविली, म्हणून दोनशें वर्षांनंतरहि त्याला आपली बाजू स्वतःच्या शब्दांत मांडतां येते. थोर पुरुषाचा पुतळा उभारणें चांगलेंच. पण तत्पूर्वी त्याच्या माळ्यावरची पेटी उघडून पाहणें अधिक निकडीचें आहे.