हिंगोलीत शीलाइट सापडेल का?

हिंगोलीच्या माळावर पांढुरका, चमकदार दगड हाती लागला की तो टंगस्टनचे दुर्मिळ खनिज शीलाइट असेल, ही आशा खडकांच्या साक्षीपुढे टिकत नाही. शीलाइट म्हणजे कॅल्शियम टंगस्टेट. १७८१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी त्यातूनच टंगस्टनचे आम्ल मिळवले. ग्रॅनाइटमधून निघालेल्या उष्ण द्रावांतून ते बहुधा घडते, म्हणून महाराष्ट्रात टंगस्टनची खनिजे आढळतात ती नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना भागातील प्राचीन खडकांत. हिंगोली जिल्हा मात्र मुख्यतः बेसाल्टचा.

कोणी म्हणेल, अतिनील दिव्याखाली दगड उजळला, मग आणखी पुरावा कशाला? शीलाइट निळसर पांढरे उजळते हे खरे, पण कॅल्साइटही कधीकधी उजळते. खात्रीचा पुरावा वजनाचा. दगड दोऱ्याने पाण्यात टांगावा: ६० ग्रॅमचे शीलाइट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम भरते, तेवढेच कॅल्साइट जेमतेम ३८.

तरीही बेसाल्टला कमी लेखू नये. त्याच्या पोकळ्यांत शीलाइटचा मॉलिब्डेनमयुक्त भाऊबंद, पॉवेलाइट, क्वचित मिळतो. अतिनील प्रकाशात तो पिवळा दिसतो. नाशिकचे मधाच्या रंगाचे पॉवेलाइट जगभरचे संग्राहक शोधत असतात. ते धातूसाठी पैसे मोजत नाहीत. शाबूत टोके, रंग, सोबतचे झिओलाइट आणि सापडल्या जागेची नेमकी नोंद यांवर भाव ठरतो. म्हणून ओळख पटवण्यासाठी स्फटिकावर ओरखडा काढणे किंवा हातोडी चालवणे म्हणजे त्याचे मोल स्वतःच घालवणे.