फटफटी कुणाची : कंपनीची की मेस्त्रीची?



पंढरपूरच्या कार्तिकी बाजारात खिलार खोंड घ्यायला निघालेला माणूस काय काय बघतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. दात बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून बघतो आणि मग उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव ठरवतो. हाच माणूस पाडव्याला लाखभराची मोटारसायकल घ्यायला गेला, की शोरूममध्ये तीनच गोष्टी विचारतो. रंग कोणता, हप्ता किती आणि पाहुण्याकडं कोणती हाय? झालं, हार घालून पेढे वाटत गाडी दारात.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात गाडीची कंपनी कुळाचारासारखी चालत येते. एखादं घर बजाजवाल्यांचं, एखादं हिरो होंडावाल्यांचं. पारावर यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतच काय ती होत असतील. आमचं घर बजाजवालं. मी लहान असताना वडिलांकडे एम-८० होती. हातात गिअर, दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या, मध्ये मी आणि माझं दप्तर. ती चढाला धुराचा लोट सोडायची, पण डेअरीची वेळ तिनं चुकवलेली मला आठवत नाही. बापूंना कुणी दुसऱ्या कंपनीची तारीफ सांगितली तर ते फक्त "बरं" म्हणायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे.

या निष्ठेला पाया नव्हता असं नाही. त्या काळी ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणं गाडी ठरलेली असायची. दूधवाल्यांची लाडकी राजदूत, एस्कॉर्ट्स कंपनीची, १७५ सीसीची, टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालायचं आणि किकवर उभं राहायचं. येझदीचा तर एकच दांडा किकलाही चालायचा आणि गिअरलाही. ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. लुना आपल्या महाराष्ट्रातल्या कायनेटिकची, १९७२ ची. पेट्रोल संपलं की पायडल मारत घरी यायची सोय. बुलेट वाड्यावरची. तिचं डिझेलचं मॉडेलही होतं, ३२५ सीसीचं. आवाज असा की पंपावरचं इंजिन चालू आहे की पाटील आलेत, ते जवळ आल्याशिवाय कळायचं नाही.

मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली. ९७.२ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, ऑईल मिसळायची भानगड नाही, लिटरला पळायची म्हणाल तर राजदूतवाल्याला लाज वाटावी एवढी. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि खेडोपाडी तिनंच घर केलं. डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि होंडा यांनी वेगळं व्हायचं ठरवलं, २०११ मध्ये हिरो मोटोकॉर्प हे नाव आलं. पण गावात जाऊन विचारा, आजही उत्तर मिळतं, "हिरो होंडाच हाय की." (आमच्याकडेही तसंच. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. हाक मात्र 'भाऊसाहेब' अशीच येते.)

आता इथं थोडं थांबून विचार करा. टाकीवरचं नाव बदललं तरी लोक हलले नाहीत. म्हणजे लोकांची निष्ठा नावावर नव्हती. ती होती एका इंजिनवर, जे आपल्या गावचा मेस्त्री डोळे झाकून खोलतो आणि ज्याच्या रिंगा, क्लचप्लेटा, चेनकिट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. आमचे बापू हेच म्हणायचे, "गाडी कंपनीची नसती रं, मेस्त्रीची असती."

हे मला पटायला स्वतःचे पैसे घालवावे लागले. २०१९ मध्ये मी घरचा कुळाचार मोडला आणि एका कंपनीची देखणी गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. मोठी टाकी, जाड टायर, मागची सीट उंच. कृषी पदविका करून नोकरीला लागलेल्या पोरानं मिरवायला जेवढं लागतं, तेवढं सगळं होतं. दोन वर्षांनी ऐन खरिपाच्या तोंडावर पेट्रोलचा पंप गेला. तोवर तालुक्याचा डीलर दुकान बंद करून गेलेला. गावचा मेस्त्री म्हणाला, "साहेब, ह्येला माझ्याकडं पानाबी न्हाय आन् पार्टबी न्हाय." जिल्ह्याच्या गावाहून पार्ट यायला चौतीस दिवस लागले. बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं मी एसटीनं आणि लोकांच्या मागं बसून केली. एका वस्तीवर पोचेपर्यंत पेरणी उरकलेली होती. तिथल्या आजीनं चहा दिला आणि विचारलं, "आता काय बियाणं उकरून औषध लावायचं व्हय?" त्यावर उत्तर नव्हतं.

तेव्हा गाडी घेताना पहिली गोष्ट बघा, की ती बंद पडली तर ढकलत नेता येईल एवढ्या अंतरावर तिला उघडणारा माणूस आहे का. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. जुन्या गाडीचं जेट फुंकर मारून साफ व्हायचं. नवीला मशीन लावून दोष बघावा लागतो. तुमच्या मेस्त्रीकडे ते मशीन आहे का, आणि असेल तर कोणत्या कंपनीच्या गाडीला चालतं, हे विचारायला शोरूमपेक्षा गॅरेजवर आधी जा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. कायम थेंबभर पेट्रोलवर गाडी पळवायची आणि किराणा दुकानातल्या बाटलीतलं गाळ-कचऱ्याचं पेट्रोल ओतायचं, ही आपली सवय जुन्या गाडीनं सोसली. नवी सोसत नाही.

दुसरं रानाचं. शोरूममधला पोरगा तुम्हाला मीटरवरचा ब्लूटूथ दाखवील. तुम्ही खाली वाकून पुढच्या चाकाचं मडगार्ड बघा. मंगळवेढ्याकडची काळी जमीन ज्यांची आहे त्यांना सांगायला नको. पावसात चिखल मडगार्डात असा घट्ट बसतो की चाक फिरत नाही आणि काटकीनं चिखल काढता काढता दिवस मावळतो. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं आडवी जात असतील तर ठीक. बांधावरून, वेड्या बाभळीतून जाणं असेल तर ट्यूबलेस टायर बरा, कारण काटा घुसला तरी हवा एकदम बसत नाही. मात्र ट्यूबलेसबरोबर बहुधा मॅगचं चाक येतं. खड्ड्यात आपटून ते तडकलं तर बदलावंच लागतं. ताराचं चाक मेस्त्री ताण देऊन सरळ करतो. किटल्या वाहणाऱ्यानं तारांचं घ्यावं, असं माझं मत आहे. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर साफ करावा. तो गुदमरला की गाडी पेट्रोल जास्त पिते आणि आपण कंपनीला शिव्या देतो.

जाता जाता एक खात्याचं. कीटकनाशकाची बाटली आणि भाकरीचं फडकं एकाच डिकीत ठेवू नका. रोज बघतो म्हणून लिहिलं.

अ‍ॅव्हरेजचं बोलू. जाहिरातीतला आकडा ठरवलेल्या परिस्थितीत, एका ठरावीक पद्धतीनं काढलेला असतो. तुमच्या वस्तीच्या रस्त्यावर तो यायचा नाही. स्वतः मोजा. टाकी काठोकाठ भरा, मीटर लिहा, शे-दोनशे किलोमीटर फिरा, पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं लिटर बसलं त्यानं किलोमीटरला भागा. वर्षाला ९ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ६० ची गाडी १५० लिटर पेट्रोल खाते, ५० ची १८० लिटर. शंभर रुपये लिटर धरलं तरी फरक ३ हजारांचा. म्हणजे अ‍ॅव्हरेजवरून पारावर जेवढा घसा कोरडा होतो तेवढा पैसा त्यात नाही.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. त्यातलं काही आपल्याच उसापासूनचं, म्हणून तक्रार करताना जरा जीभ अडखळते. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते, त्यामुळं अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार. ते पाणीही ओढून घेतं. जुनी गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीनं गोठ्यात उभी करू नका, आणि तिच्या रबरी नळ्या मेस्त्रीला बघायला सांगा.

खरा पैसा जातो तो हप्त्यात. 'दहा टक्के फ्लॅट' म्हटलं की आपल्याला सोसायटीच्या व्याजासारखं वाटतं. हिशोब करा. ८० हजार कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज २४ हजार, हप्ता साधारण २,८८९ रुपये. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८० हजारांवर. खरा दर पडतो जवळजवळ १८ टक्के. हेच कर्ज बँकेतून उतरत्या शिलकेवर दहा टक्क्यांनी मिळालं तर व्याज १३ हजारांच्या आत. ११ हजारांचा फरक, म्हणजे वर सांगितलेल्या पेट्रोलच्या फरकाची साडेतीन वर्षांहून जास्तीची रक्कम. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ते वाचलेले पैसे असे फ्लॅट व्याजात घालवू नका. आणि कर्ज फिटल्यावर आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला आपण चार खेपा घालतो, गाडीचा तसाच राहतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

माझ्या कार्यक्षेत्रातला एक शेतकरी, वय पंचेचाळीस, बाजारातून रात्री घरी येताना रस्त्यावर उभ्या ट्रॉलीवर धडकून गेला. ट्रॉलीला मागं ना दिवा ना लाल पट्टी. दोन मुली शिकत होत्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अशा वेळी कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांत अर्ज द्यावा लागतो. कागद गोळा करायला मी त्यांच्या ओसरीवर बसलो. सातबारा निघाला, वारसाचं निघालं, पंचनामा निघाला. मग मी परवाना मागितला. शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर वैध परवाना लागतो. घरात कुणी काही बोललं नाही. माणूस वीस वर्षं गाडी चालवत होता, परवाना कधीच काढला नव्हता. गाडीचं आरसी बुक दोन मालकांमागच्या माणसाच्या नावावर, आणि विमा कधीच संपलेला. धाकटी मुलगी कपाटातली प्रत्येक पिशवी पुन्हा पुन्हा उलटी करून बघत होती.

गाडी मात्र उत्तम होती. इंजिन कधी उघडलेलं नाही, असं त्यांचा भाऊ मला दोनदा म्हणाला.

म्हणून जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी कागद बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत नाव बदला. गाडी विकणाऱ्यालाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं, की नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. म्हणजे तुम्ही पाच वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा अपघात तुमच्या दारात येऊ शकतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच येतो. पाच वर्षं झाली की तो गुपचूप संपतो, आठवण करायला कुणी येत नाही. थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याची भरपाई. स्वतःसाठी १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा वेगळा असतो, आणि त्यालाही परवाना लागतोच.

शिकाऊ परवान्याची परीक्षा आता आधारवरून घरबसल्या देता येते. चाळिशीपुढच्यांना डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. पक्क्या परवान्यासाठी ३० दिवसांनी आरटीओच्या तालुका शिबिरात जायचं. भाऊसाहेब, सरपंच, शिबिराच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. आमच्या गावात गेल्या साली घेतला. पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या संगणकासमोर रांग लागली. रांगेत आमचे बापूही होते, वय सहासष्ट, एम-८० भंगारात जाऊन जमाना झाला तरी. चिन्हं ओळखायच्या प्रश्नांत दोन चुकले, बाकी बरोबर. बाहेर येऊन मला म्हणाले, "सगळं इचारलं, पर समोरनं बैलगाडी आली तर काय करायचं, त्ये काय इचारलं न्हाय."